जमीन नावावर, तेल पोटात

धरणग्रस्तांवर विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (1991) आली. तेलवाहिनीवर तशी कादंबरी येणे अवघड, कारण कागदोपत्री कोणी विस्थापितच होत नाही! मुंबईच्या रिफायनरीतले पेट्रोल-डिझेल ठाणे जिल्हा ओलांडून, सह्याद्री चढून मनमाडजवळच्या पानेवाडीला नेणारी भूमिगत वाहिनी अशीच. तेलवाहिन्यांसाठीच्या 1962च्या कायद्याने जमिनीचा फक्त वापरहक्क घेतला जातो. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच. मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के, पीकनुकसानीची भरपाई वेगळी. त्या पट्ट्यात भात लावा, नागली लावा. आंब्याचे कलम, विहीर, घर मात्र नाही. भातसा धरणाजवळच्या भातसानगरला हे गणित ओळखीचे आहे : धरण शहापुरात, पाणी मुंबईला. शिवारात वाहिनीची मोजणी सुरू झाली, तर राजपत्रातील अधिसूचनेपासून 21 दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्या.