काच का थांबते?

गाडीची काच आपोआप वर चढताना मध्ये एखाद्या मुलाचा हात आला, तर तिने थांबून खाली यायलाच हवं. ‘यूएन रेग्युलेशन 21’ त्यासाठी आकडे देतं: फट 200 ते 4 मिलिमीटर असताना काचेचा जोर 100 न्यूटनच्या वर जाण्याआधी काच उलटी फिरली पाहिजे. हिंजवडीत आमचं काम या एका वाक्यापासून सुरू होतं.

वाक्याला रिक्वायरमेंट म्हणून क्रमांक मिळतो. मग सिम्युलिंक या टूलमध्ये मॉडेल उभं राहतं: मोटरचा करंट आणि वेग आत येतात, त्यांवरून जोराचा अंदाज निघतो, तो मर्यादेशी ताडून पाहिला जातो. मॉडेलवरून सी भाषेतला कोड टूलच लिहितं आणि कोणता तुकडा मॉडेलमधल्या कोणत्या ब्लॉकचा, ते कॉमेंटमध्ये नोंदवतं. टूलच्या रिपोर्टमधल्या कॉमेंटवर क्लिक केलं की मॉडेलमधला तो ब्लॉक उजळतो. ब्लॉकवरून रिक्वायरमेंटकडे जायचं, तिथून टेस्ट केसकडे. ही वाट दोन्ही दिशांनी चालता येणं म्हणजे ट्रेसेबिलिटी. गाड्यांच्या सुरक्षेचं आयएसओ 26262 हे मानक 2011पासून तिचा आग्रह धरतं.

यातली ब्लॉक आणि कोड यांची गाठ टूल मारतं. रिक्वायरमेंटची गाठ माणसालाच मारावी लागते, आणि तीच राहून जाते.

एका रिव्ह्यूत मला ‘सुरुवातीचे काही मिलिसेकंद जोर मोजू नका’ असं सांगणारा ब्लॉक दिसला. त्याला लिंक नव्हती. तो टाकणारा नोकरी सोडून गेला होता. कोडमधली कॉमेंट ब्लॉकपर्यंत आणून सोडत होती. पुढे वाट नव्हती. काढून टाकू, असं एकाने सुचवलं. तो नसतानाही सगळ्या टेस्ट पास होत होत्या. दोन दिवस जुन्या नोंदी चाळल्यावर कारण हाती लागलं. मोटर सुरू होताना करंट क्षणभर उसळतो; यंत्रणा त्यालाच अडकलेला हात समजायची आणि काच निघताक्षणीच उलटायची. हा उसळता करंट आमच्या टेस्टमध्ये कुणी घातलाच नव्हता.

आम्ही रिक्वायरमेंट लिहिली, त्यात कारण नोंदवलं, ब्लॉक जोडला, टेस्ट जोडली.

सहा महिन्यांनी मोटर बदलली. रिक्वायरमेंटमधला आकडा बदलताच टूलने दोन्ही लिंकवर संशयाची खूण केली. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने ती उघडली, कारण वाचलं, मॉडेल सुधारलं आणि दुपारपर्यंत टेस्ट चालवून मोकळी झाली. तिला कुणालाही काही विचारावं लागलं नाही.