वऱ्हाडचा कापूस आणि अमेरिकेचे यादवी युद्ध

यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. सीतादहीची पूजा झाली, की बायका ओटीला फडके बांधून एकेका तासाने पुढे सरकतात आणि सायंकाळी वेचलेला कापूस तोलला जातो. वणी, दारव्हा, पुसद येथील मुलांना हे दृश्य सांगावे लागत नाही. इतिहासाच्या पुस्तकात अमेरिकेचे प्रकरण आले, की ते मात्र त्यांना फार दूरचे वाटते. वस्तुतः त्या प्रकरणाचा काही भाग याच काळ्या जमिनीशी जोडलेला आहे.

अमेरिकेतील तेरा इंग्रजी वसाहतींनी १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. सर्व माणसे समान आहेत, असे त्यात म्हटले होते. तथापि आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे तेथे गुलामच राहिली. १७८७ साली राज्यघटना तयार होताना, प्रत्येक राज्याने किती प्रतिनिधी निवडावेत, हा प्रश्न निघाला. आपले गुलाम लोकसंख्येत मोजले जावेत, असा दक्षिणेकडील राज्यांचा आग्रह होता. कारण त्यामुळे त्यांच्या जागा वाढत. अखेर पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशेब ठरला! ज्यांच्या जोरावर या जागा मिळाल्या, त्या गुलामांना मताचा अधिकार नव्हताच.

पुढे १७९३ साली एली व्हिटनी याने सरकी वेगळी करण्याचे यंत्र बनविले. यंत्रामुळे गुलामांचे कष्ट कमी झाले असतील, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात सरकी झटपट निघू लागल्याने मालकांनी अधिक जमिनीत कापूस पेरला. वेचणी हातानेच होत असल्यामुळे अधिक हात लागू लागले. १७९० साली तेथे सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० साली ही संख्या जवळजवळ ४० लाख झाली. कापसाच्या त्या जमिनीही ओसाड नव्हत्या. चेरोकी, क्रीक इत्यादी मूळ रहिवाशांना १८३० च्या कायद्यानंतर मिसिसिपी नदीपलीकडे घालविण्यात आले व त्या वाटचालीत हजारो माणसे दगावली. यवतमाळच्या बाजारात वऱ्हाडीबरोबर गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली कानी पडतात. अमेरिकेतही अनेक वंशांचे व भाषांचे लोक नांदतात. परंतु ते सर्व आपखुशीने एकत्र आलेले नाहीत. आज जगभर ऐकल्या जाणाऱ्या अमेरिकन संगीताचा मोठा भाग गुलामांनी शेतात आणि प्रार्थनेत गायिलेल्या गाण्यांतून उगवला आहे.

गुलामगिरीचा विस्तार थांबवावा, या मताचे अब्राहम लिंकन १८६० साली अध्यक्ष म्हणून निवडून आले. तेव्हा दक्षिणेतील राज्ये संघराज्यातून फुटू लागली आणि एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले. लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. त्यामुळे इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. गिरणीमालकांची दृष्टी हिंदुस्थानाकडे, विशेषतः वऱ्हाडाकडे वळली. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. कापसाचा भाव तिपटीहून अधिक चढला. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे रुप्याचा पूर आला, ज्वारीच्या शेतांत कापूस दिसू लागला. १८६७ साली आगगाडी वऱ्हाडातून नागपूरपर्यंत गेली. येथील कापूस लवकर मुंबईस पोहोचावा, हा त्या मार्गाचा एक मुख्य हेतू होता.

युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. १८६५ साली ते संपले आणि अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी या घटनेचे मोल ओळखले. तरुणपणी टॉमस पेन याचे ग्रंथ वाचून मानवी हक्कांचा विचार त्यांनी आत्मसात केला होता. १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाचा गौरव करून, आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. कापसाच्या भावाकडे सारे पाहत होते. कापूस पिकविणाऱ्या माणसाकडे पाहणारे फुले यांच्यासारखे विरळाच.

मुक्त झालेल्या गुलामांना जमीन मात्र मिळाली नाही. ते जुन्याच मालकांची शेते वाट्याने कसू लागले. बियाणे आणि धान्य उधारीने घेत व पीक आले तरी दुकानदाराची बाकी फिटत नसे. १८७० साली मिळालेला मताधिकारही दक्षिणेत नाना युक्त्यांनी हिरावला गेला. त्याच्या रक्षणासाठी १९६५ साली नवा कायदा करावा लागला. इकडे भाव कोसळल्यावर शेतकऱ्यांच्या गळ्यात सावकाराचे कर्ज पडले. दोन्हीकडचा कापूस पुन्हा एकाच बाजारात उतरत होता. आज यवतमाळच्या शेतांत बहुतेक ठिकाणी अमेरिकन जातीचाच कापूस उभा असतो आणि जगातील व्यापारी भावाचा अंदाज घेण्यासाठी न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराकडे पाहतात.