चार टीबीची डिस्क, एक एमबीची किल्ली

'चार टीबीची म्हणून दिली आणि निघाली दोनची? दुकानदाराने गंडवलं तुला!' बाबांनी निकाल देऊन टाकला. त्यांच्या फोटो स्टुडिओतल्या जुन्या डेस्कटॉपला मी नवी हार्ड डिस्क बसवली, लिनक्स टाकलं, दिवसभर बसून लग्नांचे व्हिडीओ कॉपी केले. आणि निम्मी डिस्क वापरताच येईना!

दुकानदार बिचारा निर्दोष. घोळ माझाच होता. पार्टिशन पाडण्याआधी डिस्कवर एक तक्ता तयार करावा लागतो. कुठला भाग कुठून सुरू होतो, किती मोठा, याची ती नोंद. कॉलेजच्या जुन्या नोट्स बघून मी यादीतून 'एमएसडॉस' निवडलं, म्हणजेच एमबीआर. ही पद्धत १९८३ची, तेव्हा पीसीची हार्ड डिस्क १० एमबीची असायची. तिच्यात सेक्टरचा नंबर लिहायला ३२ बिट्स. एक सेक्टर ५१२ बाइट्सचा धरला, की २ टीबीपाशी नंबर संपतात. पुढे जागा असते हो, पण तिला पत्ताच नाही.

इथे हवा जीपीटी तक्ता. नंबर ६४ बिट्सचा, शिवाय तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी. मी सगळं पुसून नव्याने सुरुवात केली. बाबांनी जुन्या डिस्क अजून फॉरमॅट केल्या नव्हत्या, म्हणून वाचलो. नाहीतर कितीतरी जणांची लग्नं माझ्या हातून पुसली गेली असती!

एवढं करूनही 'ग्रब' बसेना. लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम तो हाच. एमबीआर डिस्कवर तो पहिल्या पार्टिशनआधीच्या मोकळ्या जागेत लपतो, जीपीटीत ती जागा तक्ताच खातो. मशीन जुन्या बायोसचं असेल तर ग्रबसाठी १ एमबीचं वेगळं पार्टिशन ठेवायचं. फॉरमॅट न करता, 'बायोस-ग्रब' ही खूण लावून. बस्स, एक एमबी! यूईएफआयवर बूट होणाऱ्या नव्या लॅपटॉपला मात्र हे लागत नाही. तिथे फॅट-३२चं ईएफआय पार्टिशन हवं, ५१२ एमबीचं पुरतं.

मग सिस्टीमला ६० जीबी, स्वॅपला ८ आणि उरलेलं सगळं होमला दिलं. उद्या लिनक्स पुन्हा टाकायची वेळ आली, तर होम फॉरमॅट करायचं नाही. व्हिडीओ जागच्या जागी.

बाबांना कौतुकाने स्क्रीन दाखवली. ते चष्मा पुसून म्हणाले, 'इथे ३.६४ लिहिलंय. बाकीचं कुठे गेलं?' कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ने, हे मी सांगेपर्यंत ते चपला घालून दुकानाकडे निघालेसुद्धा.