पोच आणि पोचपावती

वेबची मूळ रीत प्रश्नोत्तरांची: ब्राउझरने विचारल्याशिवाय सर्व्हरने बोलायचे नाही. २०११ साली प्रमाणित झालेल्या ‘वेबसॉकेट’ने दोघांमधला मार्ग सतत उघडा ठेवला; पण त्यावरून जाणारा मजकूर कशाविषयी आहे, हे तो सांगत नाही. ही उणीव ‘सॉकेट डॉट आयओ’ ही लायब्ररी भरून काढते. ती प्रत्येक संदेशाला नाव देते. त्या नावावरून पलीकडचा प्रोग्राम पुढची कृती ठरवतो. संदेशांचा क्रमही ती राखते. पोहोचण्याची हमी मात्र आपणहून देत नाही: जोडणी तुटली असताना सर्व्हरने पाठवलेला संदेश हरवू शकतो. पोचपावती मागायची सोय लायब्ररीत आहे. ती मागायची की नाही, हे प्रोग्रामरने ठरवायचे. पाठवले म्हणजे पोचले नव्हे, हा टपालाचा जुना धडा इथेही सुटत नाही.