चांदोली उन्हात बघावं

चांदोलीला जायचं तर मार्चमध्ये जावं. सह्याद्री म्हटलं की धुकं, धबधबे आणि फुलं डोळ्यांसमोर आणणाऱ्यांना हे पटणार नाही. पण पावसाळ्यात उद्यान बंद असतं आणि ऑक्टोबरच्या मध्यावर उघडतं तेव्हा सड्यावरची, म्हणजे माथ्यावरच्या सपाट, खडकाळ माळावरची, फुलं सरत आलेली असतात. वाघासाठी जाणार असाल तर सरळ ताडोबा गाठा. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला खरा, पण इथे वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला की त्याची बातमी होते. चांदोलीत बघायचं ते जंगल. आणि ते कशावर तगतं, हे ऊन तापल्याशिवाय कळत नाही.

पावसाला इथे तोटा नाही. वारणेच्या उगमाकडच्या पाथरपुंजला एकेका पावसाळ्यात सहा-सात हजार मिलिमीटर पावसाची नोंद होते. समुद्रावरून आलेले ढग कोकण ओलांडून उभ्या कड्याला भिडतात, वर चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. पूर्वेकडे उतरणाऱ्या हवेत फारसं काही उरत नाही. म्हणून सांगली जिल्ह्याच्या एका टोकाला चांदोली आणि दुसऱ्या टोकाला पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडलेले आटपाडी, जत.

अडचण आहे ती पाऊस किती पडतो याची नाही, कधी पडतो याची. केरळच्या घाटात जूनच्या आधी वळीव असतो, नंतर परतीचा पाऊस असतो. झाडांना उपास घडतो तो थोड्याच महिन्यांचा. पुद्दुचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधले झाँ-पिएर पास्काल यांनी पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलांवरच्या आपल्या १९८८ च्या ग्रंथात हाच धागा उलगडला आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे यावं तसतसे कोरडे महिने वाढत जातात आणि सदाहरित झाडांच्या एकेक जाती मागे पडत जातात. चांदोलीत दिवाळीनंतर जूनपर्यंत आकाश जवळपास कोरडंच. एवढ्या काळात झाडांनी पानं गाळून मोकळं व्हायला हवं. इथली बरीच झाडं तसं करत नाहीत.

मग ती तगतात कशी? त्याचं अर्धं उत्तर चांदोलीतल्याच झोळंबीच्या सड्यावर आहे. मार्चमध्ये सडा बघवत नाही. काळपट तांबडा, खरबरीत, चटके देणारा जांभा आणि भेगांमध्ये पिवळं गवत. हा दगड म्हणजे बेसाल्टचं उरलंसुरलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या लाव्ह्याचा बेसाल्ट उष्ण, दमट हवेत कुजत गेला. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका पाण्याबरोबर वाहून गेले. लोह आणि अॅल्युमिनियम तेवढे मागे राहिले. झाडाला पोसेल असं या दगडात फार थोडं आहे. मातीचा थर बोटभर, कुठे तेवढाही नाही.

म्हणूनच पावसात इथे उगवणाऱ्या काही वनस्पती पोटासाठी शिकार करतात. 'सीतेची आसवं' या गोड नावाची निळी-जांभळी फुलं सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्यांचा खरा उद्योग चिखलात चालतो. तिथे त्यांच्या धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहूनही लहान पिशव्या असतात. वनस्पती पिशवीतलं पाणी बाहेर उपसून आत कमी दाब तयार करते. दाराशी असलेल्या केसाला एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार आत उघडतं आणि पाण्याबरोबर तो जीव ओढला जातो. हे सगळं एक हजारांश सेकंदाच्या आसपास आटोपतं. जमिनीत न मिळणारं नत्र असं मिळवलं जातं. मार्चमध्ये यातलं काहीच दिसत नाही. बी तेवढं भेगांतल्या मातीत पडून असतं.

पण सड्याच्या कडेला जाऊन खाली घळीत बघा. तिथे गच्च हिरवं रान आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतं, खालच्या चिकणमातीच्या आणि बेसाल्टच्या थराशी अडतं आणि कडेला झऱ्यांवाटे सावकाश बाहेर येतं. वरचा उजाड माळ हीच खालच्या रानाची टाकी.

उरलेलं अर्धं उत्तर झाडांकडे आहे. जांभूळ, पिसा आणि अंजनी ही इथली मुख्य मंडळी. उंची बेताची, कारण माथ्यावरचा वारा आणि उथळ जमीन कोणाला वाढू देत नाही. अंजनीचं पान हातात घ्या. जाड, चामड्यासारखं, वरून तुकतुकीत; पाणी उडू न देण्याची सगळी तयारी. ऐन उन्हाळ्यात हे झाड फुलतं, तेही फांदीला चिकटून आलेल्या गर्द निळ्या झुपक्यांनी. गाडीतून वाघ शोधणाऱ्यांच्या नजरेतून ती निळाई हमखास सुटते, याचं मला दर वेळी नवल वाटतं. अंजनीच्या कुळाची आणखी एक खुबी आहे. आम्लधर्मी जमिनीत विरघळलेलं अॅल्युमिनियम बहुतेक वनस्पतींच्या मुळांना विषासारखं. अंजनीची जातकुळी ते शोषून पानांत साठवते. दक्षिणेत रंग पक्का करण्यासाठी ही पानं वापरत. एरवी त्या कामाला तुरटी लागते, आणि तुरटीतही अॅल्युमिनियमच असतं.

संध्याकाळी गवे दिसतात, बहुतेक वेळा उद्यानासाठी उठवलेल्या गावांच्या जुन्या शेतांत. माणसं गेली, आंब्याची झाडं आणि देवळं राहिली, खाचरांत गवत माजलं. गव्यांचं तिथे बरं चाललंय. उठून गेलेल्यांच्या पुनर्वसनाची कहाणी मात्र एवढी साधी नाही, आणि ती एका परिच्छेदात मावणारीही नाही.

आता पुन्हा सड्याकडे. जांभ्यात अॅल्युमिनियमचं प्रमाण पुरेसं वाढलं की त्यालाच बॉक्साइट म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या काही सड्यांवर त्यासाठी खाणी झाल्या. खाणीत सड्याचा वरचा थरच निघून जातो आणि त्याबरोबर पाणी मुरवणारा दगडही. चांदोलीतल्या सड्यांना राष्ट्रीय उद्यानाचं संरक्षण आहे. हद्दीबाहेरचे सडे कागदोपत्री बहुधा पडीक जमीन म्हणूनच मोजले जातात, त्यांच्या पायथ्याचे झरे उन्हाळाभर वाहत असले तरीही.