आज काय गावला?

देवबागच्या एका घरगुती खानावळीत सकाळी साडेनऊला फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "किती माणसां?" काय हवंय ते कुणी विचारलंच नाही. मी आपणहून सुरमईचं नाव काढलं. "इसवण गावाक नाय आज. मोरी गावली हा. मोरी खातलात?" इसवण म्हणजे सुरमई, आणि मोरी म्हणजे लहान शार्क. घाटावरच्या माणसाला हे पटकन झेपत नाही. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला गेला. नाव विचारलं नाही, आगाऊ पैसे मागितले नाहीत. दीड वाजता चार पानं मांडली जाणार, एवढं मात्र ठरलं.

मालवण, तारकर्ली आणि देवबाग या किनारपट्टीवर जेवणाचा व्यवहार अजून बराचसा असाच चालतो. शहरातली चैतन्य, अतिथी बांबू ही नावं बाहेरच्यांनाही ठाऊक आहेत. तिथे पाटी आहे, रांग आहे, मेनूकार्ड आहे. पण बाजारातून बाहेर पडून तारकर्लीच्या रस्त्याला लागलं की माडांच्या मधून दर शंभर पावलांवर एक फलक दिसतो: 'घरगुती जेवण मिळेल'. आत अंगण, अंगणावर पत्रे किंवा मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मागच्या पडवीत आडाळ्यावर नारळ खवणारी कुणी एक. हीच खानावळ. तिला मालक असतो, पण चालवणारी बहुतेक वेळा मालकीणच.

खानावळ हा शब्द इथे जरा वेगळ्या अर्थाने वावरतो, हे आधी सांगायला हवं. मुंबईच्या गिरणगावात खानावळ म्हणजे महिन्याचे पैसे भरून रोज जेवणाऱ्यांची सोय. कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार एखाद्या बाईकडे दोन वेळ जेवत, आणि त्या बाईचं घर त्यावर चाले. भांडवलासाठी सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या या बायकांना संघटित करून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या खानावळीला उद्या किती माणसं जेवणार हे आज माहीत असे. मालवणच्या खानावळीला ते माहीत नसतं. इथे जेवणारा आज आला की उद्या साताऱ्याला गेलेला असतो. गिरणगावची खानावळ कोकणी माणूस परगावी गेला म्हणून उभी राहिली, तर मालवणची परगावचा माणूस कोकणात आला म्हणून.

तो का आला, हेही बघण्यासारखं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याचं बांधकाम कुरटे बेटावर १६६४ मध्ये सुरू झालं, आणि किल्ला बघायला माणसं पूर्वीपासून येतच होती. पण किल्ला बघणारा होडीने जातो, तासाभरात परततो, खाजा आणि काजू घेतो आणि निघतो. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि कुडाळला उतरून तासाभरात मालवण गाठणं सोपं झालं. तरी खरा फरक पडला तो माणसं पाण्यात उतरू लागली तेव्हा. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. १९८७ मध्येच हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता. स्नॉर्केलिंग आणि स्कूबा आलं, तारकर्लीत डायव्हिंग शिकवणारी सरकारी संस्था आली, देवबागच्या संगमावर पॅरासेलिंग आणि जेट स्की आल्या. पाण्याखाली उतरणारा माणूस मुक्काम करतो. आणि खारं पाणी अंगावर घेऊन बाहेर आलेल्याला जी भूक लागते ती बिस्किटाच्या पुड्याने भागत नाही.

या भुकेचं वेळापत्रक खानावळीने मुकाट्याने स्वीकारलं आहे. स्कूबावाले भरल्या पोटी पाण्यात उतरवत नाहीत; होडी हलते आणि आत गेलेलं बाहेर येतं. म्हणून सकाळी चहा आणि थोडे घावणे, आणि मग दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान सगळं गाव एकदम जेवायला बसतं. देवबागला आणखी एक भानगड आहे. कर्ली नदीच्या मुखाजवळ जे वाळूचं बेट ओहोटीला उघडं पडतं, ज्याला २००४ च्या लाटेवरून लोक त्सुनामी बेट म्हणतात, तिथल्या सगळ्या खेळांची वेळ पाण्यावर अवलंबून. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे सोमवारी बाराला भूक लागलेला होडीभर जमाव गुरुवारी अडीचला येतो. शहरातल्या हॉटेलवाल्याला हे सांगून समजणार नाही. इथल्या बाईच्या मात्र ते हिशेबात असतं, कारण तिथी आणि भरतीचं नातं तिला लहानपणापासून पाठ असतं.

फोन सकाळी का करायचा, याचं उत्तरही कुठल्या आडमुठेपणात नाही. वड्याचं पीठ तांदूळ, उडीद, धणे, मेथी असं दळून तयार असलं, तरी ते भिजवून काही तास ठेवावं लागतं. लगेच तळले तर वडे फुगत नाहीत. सोलकढीला ताजं काढलेलं नारळाचं दूध लागतं आणि ते सकाळचं संध्याकाळी आंबतं. त्यात कोकमाचं आगळ घालायचं ते शेवटी, आणि नंतर ती चुलीजवळ न्यायची नाही, नाहीतर फुटते. (सोलकढी फार गडद गुलाबी दिसली की मला तिची शंका येते. आगळाचा रंग नारळाच्या दुधात मिसळल्यावर एवढा भडक राहत नाही.) आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मासळी माणसं मोजून घ्यायची असते. उरलेली मासळी म्हणजे बर्फ, आणि बर्फ म्हणजे खर्च. मोठं हॉटेल तो खर्च दहा टेबलांवर पसरवतं. चार टेबलांच्या खानावळीत तो थेट नफ्यातून जातो.

मासळी घ्यायची ती लिलावात. होड्या लागल्या की मालवणच्या बंदरावर वाळूतच मासळीचे ढीग लागतात आणि बोली सुरू होते. मोठे व्यापारी, टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायका आणि खानावळवाल्या, सगळे एकाच गराड्यात. व्यापाऱ्याला सुरमई आणि पापलेट हवं असतं, कारण ते बर्फात घालून लांब जातं. खानावळवालीला परवडतो तो उरलेला ढीग: बांगडे, मुडदुसे, पेडवे, सौंदाळे, बोय, कधी एखादी मोरी. माझ्या मते चव याच ढिगात आहे. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं घ्या. तिरफळाचा वास बांगड्याच्या तेलाला असा धरून बसतो की त्याच्याशिवाय बांगडा अपुरा वाटतो. पण सुरमईत तेच तिरफळ घातलं तर वाया गेलं म्हणायचं. तिरफळ चावायचं मात्र नाही. पहिल्यांदा जेवणारा हमखास चावतो, जीभ बधिर होते, आणि मग पाण्याचा तांब्या संपतो.

तरीही अंगणातल्या फळ्यावर सर्वांत वर सुरमई थाळीच असते. त्याचं कारण काटा. सुरमईचा मधला काटा सोडला की खाणारा निर्धास्त. शिवाय तिच्या तुकड्या पडतात, प्रत्येक ताटात सारखी तुकडी जाते, दर ठरवता येतो. बांगडा एका ताटाला एक अख्खा, म्हणजे लहानमोठा झाला की गिऱ्हाईक शेजारच्या ताटाकडे बघतं. कर्लीसारखा चवदार मासा नाही असं इथले जुने लोक सांगतात, पण तिच्यात केसासारखे काटे. पुण्याहून आलेल्या कुटुंबाला कर्ली वाढायची म्हणजे मुलांच्या घशाची जबाबदारी घ्यायची! कुठली खानावळ घेईल? मग सुरमई. दिवाळीत, नाताळात, मे महिन्यात ही मागणी बंदरावर उतरलेल्या मासळीत भागत नाही आणि बर्फाच्या पेट्या दुसऱ्या बंदरांतून येतात. समुद्रासमोर बसून तुम्ही जी सुरमई खाता ती कधी कधी ट्रकमधून आलेली असते.

पापलेटचं दुखणं याहून अवघड आहे. थाळीत शोभतो तो अख्खा, ताटाच्या एका कडेला बसेल असा लहान पापलेट. मोठ्याची किंमत एका माणसाला पेलत नाही. म्हणजे जो मासा अजून अंडी घालायचा आहे तोच नेमका थाळीच्या मापाचा. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा जाहीर केलं आणि त्याच वर्षी अनेक जातींच्या माशांना पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली; पापलेटची १३५ मिलिमीटर. हा नियम मच्छीमारासाठी आहे. ताटाला तसं काही माप कुणी लावलेलं नाही.

मासळी कमी का झाली, यावर मालवणात कुठल्याही पारावर बसा, पहिलं नाव पर्ससीनचं निघेल. किनाऱ्यावरून ओढायची रापण ही इथली जुनी रीत: होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकं वाळूवरून पन्नासेक माणसांनी ओढायची आणि आलेल्या मासळीचे वाटे करायचे. पर्ससीनचं जाळं खोल पाण्यात थव्याला चहूबाजूंनी वेढतं आणि बटव्यासारखं खालून आवळतं, म्हणजे बांगड्याचा अख्खा थवा एका खेपेत वर. किनाऱ्यापर्यंत यायला मग उरतं काय? पारंपरिक मच्छीमारांच्या लढ्यानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांच्या झोतात केलेली मासेमारी बंद केली. कागदावर. अंमलबजावणीचं भांडण अजून चालू आहे.

या सगळ्यातून जे घडलं त्याची मला सर्वांत गंमत वाटते, आणि थोडी काळजीही. ज्या घरात पूर्वी नवरा मासे आणायचा आणि बायको ते विकायची, त्या घरातला नवरा आता होडीत पर्यटक घेऊन जातो. रोजचं उत्पन्न ठरलेलं, डिझेलचा हिशेब सोपा, जाळं फाटायची भीती नाही. मुलगा स्कूबाचा गाइड. दोन खोल्या पाहुण्यांना, निवास-न्याहारी योजनेत नोंदवलेल्या. बायकोची खानावळ. होडी तीच, माणसं तीच. फक्त मासे आता विकत आणावे लागतात. मुलगा फोटो चांगला यावा म्हणून पाण्याखालच्या माशांना पाव टाकतो आणि आई पाण्यावरच्या माणसांसाठी लिलावात बोली लावते. खानावळ चालते ती पर्यटकावर, पण तिची चव येते ती घरातलं कुणी आता पकडत नाही त्या मासळीतून. हा हिशेब किती वर्षं जुळेल, हे मी विचारलं तेव्हा देवबागच्या त्या खानावळीच्या काकींनी वड्याच्या पिठावरचा हात न थांबवता एवढंच म्हटलं, "मुलांका जाळा टाकूक येता. इसारले नाय अजून."

पावसाळ्यात ही सगळी यंत्रणा थांबते. जून-जुलैत मासेमारी बंद, किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद. बहुतेक खानावळींवर ताडपत्री चढते. पण बाईचं काम आधीच झालेलं असतं. एप्रिल-मे म्हणजे मसाल्याचे महिने: मिरच्या उन्हात, धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, लवंग, हळकुंडं वेगवेगळी भाजून एकत्र कुटायची. त्याच दिवसांत रातांबे फोडून सोलं वाळवायची, आगळ भरून ठेवायचं. यातलं अर्धं स्वतःच्या चुलीला, अर्धं पाकिटांत भरून पाहुण्यांना विकायला. पुष्कळ घरांना थाळीपेक्षा या पाकिटांचा आधार मोठा वाटतो, कारण त्यांना ओहोटी आणि लिलाव यांची फिकीर नाही. पावसात घरच्यांसाठी भाजलेला सुका बांगडा, उकड्या तांदळाची पेज आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. यातलं सांबार आंबोळीबरोबर तुम्हाला हंगामातही मागितल्यावर मिळतं. न मागता कुणी वाढत नाही, कारण मासे खायला आलेल्याला वाटाणा कसा वाढायचा, असा इथला संकोच.

आणि गणपतीत जाऊच नका जेवायला. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, फक्त ते पैसे देणारे नसतात.

आम्ही पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. मोरीचं मटण म्हणतात तसंच होतं: दाट वाटण, भाजलेल्या खोबऱ्याचा रंग, आणि मांस कोंबडीसारखं घट्ट, काटा नाही. शेजारच्या मांडवात एक कुटुंब नुकतंच संगमावरून आलं होतं, मुलांचे केस ओलेच. वडिलांनी सुरमई मागितली, काकींनी मुडदुसे पुढे केले. धाकट्याने काटे बघून ताट सरकवलं. काकी त्याच्याजवळ बसल्या, मुडदुशाच्या पाठीवर बोट दाबलं, कणा अख्खा ओढून बाजूला ठेवला आणि उरलेलं त्याच्या भाताशेजारी. त्याने दोन संपवले. निघताना वडिलांनी विचारलं, उद्या सुरमई असेल का?

"ता उद्या कळतला. सकाळी फोन करा."