विश्लेषण : ‘एरोस्पेस’मध्ये मास्टर्स करायचे, पण कोणत्या देशात?

रॉकेट, विमान, उपग्रह यांच्या ओढीने अनेक अभियंते एरोस्पेस शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेऊ पाहतात. मात्र परदेशात पदवी आणि तिथेच नोकरी हा संगणक शाखेचा रुळलेला हिशेब येथे जसाच्या तसा लागू होत नाही. या क्षेत्रात गुणांइतकेच वजन नागरिकत्वाला आहे. कर्ज काढण्यापूर्वी ते समजून घेणे आवश्यक ठरते.

अमेरिकेत नेमकी अडचण काय?

उपग्रह वाहून नेणारे रॉकेट आणि क्षेपणास्त्र यांचे तंत्रज्ञान बरेचसे सारखे असते. त्यामुळे अमेरिकेत ते १९७६च्या शस्त्रास्त्र निर्यात नियंत्रण कायद्यावर आधारित ‘आयटार’ नियमांखाली येते. या नियमांनुसार वस्तू देशाबाहेर पाठवणे एवढाच निर्यातीचा अर्थ नाही. अमेरिकेतल्याच कार्यालयात परदेशी सहकाऱ्याला इंजिनाचा तांत्रिक आराखडा दाखवणे हीदेखील निर्यात ठरते आणि त्यासाठी सरकारी परवाना लागतो. अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आश्रय मिळालेले निर्वासित यांना हे बंधन नाही. विद्यार्थी व्हिसा किंवा एच-१बीवर असलेल्यांना ते आहे. नवख्या अभियंत्यासाठी परवान्याची खटपट करण्याची तयारी कंपन्या सहसा दाखवत नाहीत. नोकरीच्या जाहिरातीतच ही अट छापलेली असते.

मग विद्यापीठात प्रवेश कसा मिळतो?

वर्गात सर्वांना शिकवला जाणारा अभ्यासक्रम आणि खुलेपणाने प्रसिद्ध होणारे मूलभूत संशोधन यांना या नियमांतून सूट आहे. त्यामुळे वायुगतिकी, प्रणोदन, उड्डाण नियंत्रण हे सारे शिकता येते. अडचण समोर येते ती नोकरीचा अर्ज भरताना. पदवीनंतर ‘ओपीटी’चे १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसाठीचे वाढीव २४ महिने मिळतात, पण ही सवलत काम करण्याची परवानगी देते, ‘आयटार’मधून सुटका नव्हे. ग्रीन कार्डसाठी भारतीयांची रांग मोठी आहे. कल्पना चावला यांनी १९८४ मध्ये टेक्सासमध्ये मास्टर्स पूर्ण केले, १९९१ मध्ये अमेरिकी नागरिकत्व घेतले आणि १९९४ मध्ये ‘नासा’ने त्यांची अंतराळवीर म्हणून निवड केली. यातला मधला टप्पा अनेकदा विसरला जातो.

युरोपात चित्र वेगळे आहे का?

काही प्रमाणात. नेदरलँड्समधील डेल्फ्ट, फ्रान्समधील तुलूझ, जर्मनीतील म्युनिक आणि श्टुटगार्ट ही या शिक्षणाची नावाजलेली केंद्रे. तुलूझ येथे एअरबसचे मुख्यालय आहे. नागरी विमाने, सुटे भाग, सिम्युलेशन या कामांत परदेशी पदवीधरांना तुलनेने अधिक वाव असतो. संरक्षणाशी संबंधित कामात मात्र तेथेही नागरिकत्व आड येते. युरोपीय अंतराळ संस्था ‘ईसा’ नोकऱ्या मुख्यतः सदस्य आणि सहयोगी देशांच्या नागरिकांना देते आणि भारत त्यात नाही. जर्मनीत शिक्षण मोफत, हा समजही आता पूर्ण खरा नाही. युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून श्टुटगार्टमध्ये सत्राला १,५०० युरो घेतले जातात, तर म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात मास्टर्ससाठी ४,००० ते ६,००० युरो.

भारतात पर्याय कोणते?

बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत हा विभाग १९४२ पासून आहे. मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूर येथील आयआयटी, तिरुवनंतपुरमची ‘आयआयएसटी’ आणि पुण्याची ‘डीआयएटी’ हे अन्य पर्याय. प्रवेश मुख्यतः ‘गेट’मधून होतो. त्यात एरोस्पेसची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असली, तरी यांत्रिकीच्या गुणांवरही अनेक ठिकाणी अर्ज करता येतो. ‘गेट’चे गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. ‘गेट’मधून आलेल्या पूर्णवेळ एम.टेक. विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. महानगरात ते अपुरे पडते, पण पदवीनंतर डोक्यावर मोठे कर्ज राहत नाही.

नोकरीसाठी एम.टेक. लागतेच का?

‘इस्रो’मध्ये शास्त्रज्ञ-अभियंता ‘एससी’ या पदासाठी बी.ई. किंवा बी.टेक.ला किमान ६५ टक्के आणि निवड परीक्षा पुरेशी ठरते. शिवाय मोठ्या भरत्या यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक या शाखांच्या असतात. काही विशिष्ट पदांसाठीच एम.टेक. मागितले जाते. म्हणजे केवळ ‘इस्रो’त शिरण्यासाठी ही पदवी अनिवार्य नाही. तिचा उपयोग होतो तो विषयात खोलवर जाण्यासाठी आणि संशोधनासाठी. २०२० मध्ये अवकाश क्षेत्र खासगी उद्योगांना खुले झाल्यावर स्कायरूटने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘विक्रम-एस’ आणि अग्निकुलने मे २०२४ मध्ये ‘अग्निबाण’ची चाचणी घेतली. नाशिकजवळ ओझर येथे ‘एचएएल’चा विमान कारखाना आहे. जी नागरिकत्वाची अट अमेरिकेत दार बंद करते, तीच ‘इस्रो’ आणि ‘डीआरडीओ’मध्ये भारतीयांच्या बाजूने काम करते.

निर्णय घेताना काय पाहावे?

विद्यापीठाच्या क्रमवारीआधी हव्या त्या कामाच्या २०-२५ जाहिराती वाचून नागरिकत्वाची अट किती ठिकाणी आहे ते मोजावे. अमेरिकेत जायचेच असेल, तर प्रवाह विश्लेषण, संमिश्र पदार्थ, नियंत्रण प्रणाली असे विषय निवडता येतात. ते वाहन उद्योग, पवनचक्क्या आणि सॉफ्टवेअर क्षेत्रातही चालतात. रॉकेट इंजिनावरच काम करायचे असेल, तर भारतातील पर्याय आधी तपासणे शहाणपणाचे.